दुसऱ्याची शिदोरी

डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, एवढंच निमित्त. वरच्या पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी आत जात राहिलं आणि आठ दिवसांनी डबा खाली काढून पाहते तर तळाशी उरलेल्या गव्हाला मोड आलेले. आधी वाटलं, बुरशी धरली. चष्मा लावून पाहिलं तेव्हा कळलं, ती पांढरी लव बुरशीची नव्हती, मुळांची होती. दाण्याच्या एका टोकातून तीन मुळं निघालेली, मधलं लांब, बाजूची दोन जराशी आखूड, आणि त्यांच्या उलट दिशेला पोपटी टोकाचा कोंब. एक दाणा चिमटीत दाबला. दुधासारखा पांढरा रस बाहेर आला. जिभेला लावला तर चक्क गोड.

धान्य वाया गेलं म्हणून खरं तर चरफडायचं. पण मला कुणाच्या तरी खोलीचं दार न वाजवता उघडल्यासारखं ओशाळं वाटलं. इतकी वर्षं मी त्याच्याकडे माझ्या डब्यातला माल म्हणून बघत होते, आणि त्याचं आपलं काही वेगळंच चाललेलं.

बरे दिसणारे दहा-बारा मोड खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत खोचले आणि बाकीचे टाकून दिले. त्यानंतर मात्र मी धान्याबद्दल वाचत सुटले.

गव्हाचा दाणा उभा चिरला तर आत तीन गोष्टी दिसतात. बाहेरून कोंडा, वजनाने साधारण 14 टक्के. एका टोकाला अंकुर, जेमतेम अडीच टक्के. उरलेला सगळा, म्हणजे सुमारे 83 टक्के, पांढरा पिठूळ गर. शाळेच्या पुस्तकात या गराला भ्रूणपोष म्हणतात. परीक्षेपुरता पाठ केलेला शब्द, पण नीट ऐकला तर सगळं त्यातच आहे: भ्रूणाला पोसणारा. आईने लेकराला प्रवासाला धाडताना बांधून दिलेली ही शिदोरी. अंकुराला मूळ धरून, पहिलं पान उन्हात काढून स्वतः कमवायला लागेपर्यंत पुरेल एवढं खाणं. पीठ म्हणून आपण जे मळतो ते बहुतांशी हेच. आपण अडीच टक्क्यांच्या मालकाची 83 टक्के शिदोरी खात आलोय.

शिदोरी नुसती बांधून भागत नाही, ती सोडणाराही लागतो. त्याची तजवीज आतच असते. दाण्यात पाणी शिरलं की अंकुर एक संप्रेरक सोडतो. गराभोवती पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला तो निरोप पोचतो आणि तो थर अमायलेज नावाचं विकर बनवू लागतो. त्या विकराने पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तुटून साखर होते. माझ्या जिभेला लागलेली गोडी ती हीच, कोंबाची न्याहारी. बार्लीला असे मोड आणून ऐन वेळी सुकवले की माल्ट होतं. बिअर करणारा माणूस एका अर्थी कोंबाला ताटावर बसवतो आणि घास तोंडाशी जायच्या आत ताट ओढून घेतो.

पिठातली दुसरी गोष्ट मी हाताने करून पाहिली. तुम्हीही करा, हाताचं काम दहाच मिनिटांचं आहे. मूठभर गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग तो गोळा भांडंभर पाण्यात हळूहळू चोळत धुवायचा. पाणी दुधाळ होत जातं. ते ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा चोळायचं. मधे एकदा वाटतं, गोळा फुटून सगळं पाण्याबरोबर जाणार. जात नाही. पाणी निवळेपर्यंत धुतलं की हातात करडट, ओलसर, रबरासारखं काहीतरी उरतं. ताणलं की ताणतं, सोडलं की मागे येतं. हे ग्लुटेन. बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी नावाच्या वैद्याने अठराव्या शतकात नेमकं हेच केलं होतं. त्याचं वर्णन 1745 मध्ये छापून आलं. प्राण्यांच्या शरीरातल्यासारखा पदार्थ वनस्पतीत निघाला म्हणून तेव्हाच्या विद्वानांना नवल वाटलं होतं.

ग्लुटेन कशासाठी असतं, याचा विचार मी कधीच केला नव्हता. पाव फुगावा म्हणून, असं काहीतरी डोक्यात होतं. गव्हाला पावाशी काय देणंघेणं? ज्या प्रथिनांचं ग्लुटेन होतं ती प्रथिनं म्हणजे अंकुरासाठी राखलेल्या नायट्रोजनची पुरचुंडी. पीठ भिजवून मळल्यावर ती एकमेकांत गुंतून लवचिक जाळं होतात आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो, हा आपल्याला लागलेला मटका.

एकदा ही नजर आली की स्वयंपाकघर बघवेनासं होतं. बटाटा ही पुढच्या मोसमात उगवण्यासाठी जमिनीत दडवलेली बेगमी. कांदा तसाच, बीट तसंच. गाजर पहिल्या वर्षी मुळात साठवतं, ते दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यावर उधळायला. अंडं काय ते सांगायला नकोच. डाळी म्हणजे तर शिदोरीचे दोन गठ्ठे आणि मधे चिमुकला अंकुर. खरोखर कुणीतरी खावं म्हणूनच घडवलेल्या गोष्टी शोधायला बसले तर बोटांवर मोजाव्या इतक्याच सापडल्या. दूध, तेही दुसऱ्याच्या वासराचं. फुलातला मध. आणि फळाचा गर. फळ हा रोखीचा व्यवहार आहे: गर खा, बी लांब नेऊन टाक. व्यवहार पुरा होईपर्यंत, म्हणजे बी तयार होईपर्यंत, फळ हिरवं, आंबट, तुरट राहतं. बी तयार झालं की रंग चढतो, वास सुटतो. सफरचंद खाणाऱ्याने गर खावा अशी झाडाची इच्छा आहे, बिया चावाव्यात अशी मुळीच नाही. त्या चावल्या की त्यातल्या ॲमिग्डॅलिनपासून सायनाइड तयार होतं. दोन-चार बियांनी माणूस मरत नाही, पण बजावायचं ते झाड बजावून ठेवतं.

रानटी बदामाने तर अख्खी बीच याच कडू विषाने भरलेली. कधीतरी एखाद्या झाडाच्या एका जनुकात बिघाड झाला, विष तयार होईना, आणि ते झाड कुणा भुकेल्याच्या नजरेस पडलं. झाडाच्या दृष्टीने तो अपंग वंश. आपण नेमका तोच वाढवला.

हत्यारं टाकून दिलेल्या या वनस्पतींमध्ये काही अजूनही शस्त्र बाळगून आहेत, हे मला जरा महागात पडून कळलं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं हौसेने घेतलं होतं. त्यात एकदा राजमा रात्रभर ठेवला. सकाळी मऊ लागला म्हणून खाल्ला आणि दुपारपर्यंत जमिनीवर आडवी झाले. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, पोटात गेलं की आतड्याच्या अस्तराला चिकटतं. खळखळून उकळलं तर ते मोडतं. पण 80 अंशांच्या आसपास रेंगाळलं तर मोडत नाहीच, उलट कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतं. मऊ होणं आणि शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कोणी सांगावं लागलं नाही. आग, भिजवणं, आंबवणं, उकळून पाणी टाकणं, हे सगळं चवीसाठी असेल ते असो, पण बरंचसं दुसऱ्याच्या घराचं कुलूप फोडण्यासाठी आहे.

आणि हे कुलूप फोडणं शेतीहून जुनं आहे. जॉर्डनमध्ये शुबाइका इथे शिकार करून आणि रानातलं वेचून जगणाऱ्या नाटुफी लोकांच्या चुलीत पावासारख्या भाजक्या पदार्थाचे जळके कण सापडले, सुमारे 14,400 वर्षांपूर्वीचे. म्हणजे शेती सुरू व्हायच्या चारेक हजार वर्षं आधी कोणीतरी रानटी धान्य गोळा करून, दळून, भिजवून भाजत होतं. पोटासाठी शेती केली म्हणतात, पण त्याआधीही पोटं भरत होतीच. जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात आग्नेय तुर्कस्तानातल्या कराजादा डोंगरावर जाऊन गारगोटीच्या पात्याच्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाभरात साधारण किलोभर स्वच्छ दाणे. त्याने हिशेब मांडला, तीन आठवडे एखादं कुटुंब झटलं तर वर्षभर खाऊन उरेल इतकं मिळेल. तीन आठवडे!

अडचण एवढीच की ते तीन आठवडे चुकवून चालत नाही. रानटी गव्हाची ओंबी पिकली की ठिसूळ होते आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पेरापेराने गळून पडते. तिला पडायचंच असतं, नाहीतर लेकरं मातीत जाणार कशी? पण एखाद्या रोपात जनुकाची चूक होते आणि ओंबी गळेनाशी होते. रानात अशा रोपाचा वंश तिथेच संपायचा. विळा घेतलेल्या माणसाच्या हाती मात्र नेमकी अशीच ओंबी जास्त लागते, कारण बाकीची सांडून गेलेली असते. तीच घरी येते, तीच पुढच्या वर्षी पेरली जाते. कोणी ठरवून केलेलं नव्हे हे. उत्खननात सापडलेल्या जळक्या देठांवर सूक्ष्मदर्शक लावला की फरक दिसतो: आपण होऊन गळलेल्या दाण्याच्या मुळाशी गुळगुळीत वण, झोडपून सोडवलेल्याच्या मुळाशी फाटका. थर जसजसे वर येतात तसतसे फाटके वण वाढत जातात, पण सावकाश. हा बदल पुरा व्हायला एक-दोन हजार वर्षं तरी गेली.

मक्याची गोष्ट याहून टोकाची. दक्षिण मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे नावाचं गवत होतं. त्याच्या कणसात फार तर डझनभर दाणे आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. नऊएक हजार वर्षांत त्याचा मका झाला. कवच गेलं, दाणे शेकड्यांनी वाढले, आणि सगळ्यांवर पानांची घट्ट गुंडाळी बसली. आता कणीस जमिनीवर पडलं तर सगळे दाणे एकाच जागी उगवतात आणि एकमेकांचा गळा घोटतात. सोलून, सोडवून, अंतरावर पेरणारा हात नसेल तर मका दोन-चार पिढ्यांत संपेल.

शेतीने बियांची आणखी एक खोड मोडली, थांबून राहण्याची. रानातलं बी शहाणं असतं. पहिल्या पावसाला सगळीच्या सगळी उगवत नाहीत. काही पुढच्या वर्षासाठी, काही त्याच्याही पुढच्यासाठी गप्प पडून राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 20 बाटल्यांत तणांच्या 21 जातींच्या प्रत्येकी 50 बिया वाळूत मिसळून पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी एकेक उकरायची असं ठरवलं. बील गेले, त्यांच्यानंतरचेही गेले, प्रयोग चालूच आहे. 2021 मध्ये पहाटेच्या अंधारात, उजेड लागू न देता, एक बाटली काढली. 142 वर्षांनी त्यातलं मुलिन (mullein) नावाचं तण उगवलं. शेवटची बाटली 2100 मध्ये निघायची आहे. माझ्या डब्यातल्या गव्हाला एवढी सबुरी नव्हती. आठ दिवस पाणी मिळालं, सगळे एकदम उठले. सगळं शेत एकाच वेळी उगवावं आणि एकाच वेळी कापायला यावं हे आपल्या सोयीचं, म्हणून ती सबुरी आपणच मोडून काढली.

आता शिदोरीच्या दुसऱ्या अंगाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते यानेच. ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं, माणसं मरायची. जंतू काही सापडेना. 1889च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच तशाच झोकांड्या खाऊ लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. आइकमनने चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यात उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा पांढरा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, असं म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा कोंडा असलेल्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. वैद्यकाच्या इतिहासात त्या तुसड्या आचाऱ्याचा पुतळा असायला हवा होता. आइकमनला 1929 मध्ये नोबेल मिळालं. गंमत म्हणजे पहिली कित्येक वर्षं त्याचा समज उलटाच होता: पिष्टात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. तुटवड्यानेही रोग होऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

कोंड्यात आणि अंकुरात होतं ते थायमिन, ब-1 जीवनसत्त्व. ते करतं काय? पिष्टातून आलेल्या साखरेपासून ऊर्जा काढायची तर पेशीला ते लागतंच. बी ही हुशार गृहिणी. शिदोरीत नुसतं सरपण भरत नाही, काडेपेटीही ठेवते. आपण गिरणीत सरपण ठेवलं, पांढरंशुभ्र केलं, आणि काडेपेटी कोंड्याबरोबर जनावरांपुढे टाकली. पीठ टिकावं म्हणून हे केलं, हेही खरं. अंकुरात तेल असतं, ते खवट होतं. टिकाऊपणा हवा तर जिवंत भाग बाहेर, असा तो सौदा होता.

मक्याबाबत तर माणसाने तयार उत्तर हातचं घालवलं. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवत आले होते. त्याने साल सुटते, आणि मक्यात जखडलेलं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, मोकळं होतं. युरोपियनांनी मका नेला आणि चुना तिथेच सोडला. मग जिथे गरीब माणूस मक्यावरच जगला तिथे नायसिनच्या तुटवड्याने होणारा पेलाग्रा आला: आधी स्पेन, मग उत्तर इटली, पुढे विसाव्या शतकात अमेरिकेचा दक्षिण भाग. कातडी सोलायची, बुद्धी भ्रमायची, हजारो माणसं गेली. एका शेताचा नुसता वाण उचलता येतो, त्याच्यामागचं स्वयंपाकघर उचलून आणायचं कुणाला सुचत नाही.

तंत्रज्ञानाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने 1913 मध्ये जर्मनीत ओप्पाऊला त्याचा कारखाना उभा केला, त्या अमोनियाचं खत पिकांना मिळू लागलं, आणि आज माणसाच्या अंगातल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्मा अशा कारखान्यांतून आलेला आहे. म्हणजे हे वाचणाऱ्यांच्या अंगातलाही. याच हाबरने 1915 मध्ये क्लोरीन वायू युद्धात आणला, तेही खातं त्याच्याच नावावर. पण शिदोरीपुरतं बोलायचं तर इथे पारडं फिरलं. आजवर रोप बीसाठी बांधून देत होतं, आता आपण रोपासाठी बांधून देऊ लागलो. इतकं, की ओंब्या जड होऊन उंच गहू लोळायला लागला. मग बुटका गहू शोधावा लागला. जपानचा नोरिन 10 हा बुटका वाण, त्याच्याशी केलेले संकर, गव्हाचे वाण घडवणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांचं मेक्सिकोतलं काम, 1970चं शांततेचं नोबेल, ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे.

रशियातल्या लेनिनग्राडची गोष्ट मात्र मी दोनदा वाचायचं टाळलं. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलॉव्ह यांनी जगभर हिंडून पिकांचं बियाणं तिथल्या आपल्या संस्थेत जमवलं होतं. 1940 मध्ये त्यांना अटक झाली, आणि 1943 मध्ये ते सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेले. इकडे 1941 च्या सप्टेंबरात शहराला जर्मन फौजांचा वेढा पडला, तो 872 दिवस चालला. पहिल्या हिवाळ्यात कित्येक रहिवाशांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता. संस्थेतल्या लोकांभोवती तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे, वाटाणे पाकिटापाकिटांत भरून ठेवलेले. त्यांनी उंदीर हाकलले. तळघरातले बटाटे गोठू नयेत म्हणून हाताला लागेल ते जाळलं. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इव्हानॉव्ह भुकेने गेले तेव्हा तांदळाची पाकिटं शाबूत होती. असे अनेक जण गेले.

ते खाल्लं असतं तर कुणी दोष दिला असता का? मी दिला नसता. मी स्वतः काय केलं असतं, तेही मला पक्कं माहीत आहे. पण दहा हजार वर्षांत एकदा, काही माणसांनी दुसऱ्याची शिदोरी ओळखली आणि तिला हात लावला नाही.

कुंडीतल्या दहा-बारातले चार जगले. दोघांना किडीने धरलं. उरलेले दोन हात-दीड हात वाढले, वाकडेतिकडे, खिडकीकडे मान करून, आणि साडेचार महिन्यांनी दोघांना मिळून तीन ओंब्या आल्या. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या कोरड्या खडखडीत. मी हात न लावता वाट पाहत राहिले. खिडकी उघडी ठेवली. वाऱ्याने ओंब्या हलत, एकमेकींवर घासून सरसर आवाज करत. आठवडा गेला, दुसरा गेला, एकही दाणा खाली पडला नाही. बोटाने टिचकी मारून पाहिली. काही नाही.

शेवटी एक ओंबी खुडून तळहातांत चोळली, फुंकर मारली, तूस उडून समोरच्या काचेला चिकटलं. तिन्ही मिळून 31 दाणे निघाले, निम्मे सुरकुतलेले. त्यातला एक तोंडात टाकून चावत बसले. आधी पिठूळ, मग हळूहळू गोडसर, मग गोडीही विरली आणि दाढेखाली तो चिवट, रबरी कण तेवढा राहिला. तो बराच वेळ चघळत उभी होते. उरलेले 30 एका पाकिटात घातले, वर तारीख लिहिली, आणि ते पाकीट स्वयंपाकघरात ठेवावं की बाहेरच्या कपाटात, हे अजून ठरलेलं नाही.